शिंदीच्या मुलखातले पाम

आमच्या घरात पामची हौस माझ्यापासून सुरू झाली. त्याआधी या झाडाशी आमचं नातं कुऱ्हाडीचं होतं. शिंदी हाही पामच, आणि हैदराबाद संस्थानात तिच्या रसाची शिंदी म्हणजे निजामाच्या आबकारीची दुभती गाय. निजामाविरुद्धच्या १९४७च्या लढ्यात स्टेट काँग्रेसनं जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीची झाडं तोडण्याचाही कार्यक्रम दिला. झाड पडलं की तेवढी शिंदी बुडाली आणि तेवढा महसूलही बुडाला. देगलूर भागात आजोबांनी अशी झाडं पाडली होती. लढ्याबद्दल ते फारसं बोलत नसत, पण झाडांचा विषय निघाला की म्हणायचे, "बाभळ तोडली तर बुडातून फुटती. शिंदीचं तसं नाही. शेंडा गेला की सगळं गेलं."

पामबद्दल पुढे मी जे काही वाचलं, त्याचं सार या वाक्यात आलेलं आहे. बहुतेक पामना वाढीचा कोंब एकच, खोडाच्या टोकाला. वडा-लिंबासारखं खोड वर्षागणिक जाड करत जाणारा थर त्यांच्यात नसतो. त्यामुळे खोडावर पडलेला घाव भरून येत नाही, तो जन्मभर दिसत राहतो.

मला कळू लागलं तेव्हा ओढ्याच्या काठी थोड्याच शिंदी उरल्या होत्या. आम्ही मुलं शिंदोळ्या खायचो. खायचो म्हणजे चोखायचो, कारण बी मोठी आणि गर नावालाच. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी यायची, तीही शिंदीचीच. पण शिंदीचं झाड कुणी मुद्दाम लावल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

नोकरीसाठी नांदेडला आलो आणि नर्सरीच्या नादाला लागलो. इकडच्या नर्सऱ्यांत आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं रोपं येतात. कडियम राजमहेंद्रीजवळ, म्हणजे गोदावरीच्याच प्रदेशात. पण नदी एक म्हणून हवा एक नसते. तिकडच्या दमट हवेत तरारलेलं लिपस्टिक पाम मे महिन्यात नांदेडला येतं, ४३-४४ अंशांच्या कोरड्या झळांत सापडतं आणि पंधरवड्यात वाळतं. मलेशियाकडच्या दलदलीतलं हे झाड. त्याची लालभडक देठं बघून भुलणारे दरवर्षी नवे भेटतात. लिक्युअलाची पंख्यासारखी गोल, चुण्यांची पानं हिरव्या जाळीखाली टिकली, पण त्यांच्या कडा कायम करपलेल्या.

बाटली पाम मात्र रुळला. बुडाशी फुगलेलं ते खोड आता लातूर-नांदेडच्या कितीतरी बंगल्यांपुढे दिसतं. लोकांना वाटतं, शोभेची मामुली चीज. त्याचं मूळ गाव मॉरिशसजवळचं राउंड आयलंड नावाचं छोटंसं बेट. तिथे माणसांनी सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी कोवळी रोपं उगवू दिली नाहीत, आणि रानात वाढलेली झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. शेवटचे ससे हटायला १९८६ उजाडलं. नर्सरीवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, दुर्मीळ असतं तर एवढ्यात दिलं असतं का?" पाम फुटावर विकणाऱ्या माणसाचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे.

बदलीनं लातूरला आलो, घर बांधलं, जमिनीत लावायची सोय झाली. काळ्या मातीत पामचे दोन हाल. पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, उन्हाळ्यात भेगा पडून तुटतात. शिवाय चुनखडीमुळे जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही आणि नवी पानं पिवळी येतात. खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळणं, लोहाचं चिलेट देणं, एवढं केलं की बरंच निभावतं. जड बोअरच्या पाण्याला मात्र उपाय नाही.

बोअरला पाणी असलं तर, म्हणा. ११ एप्रिल २०१६ला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्या गावात घागरीसाठी रांगा लागतात तिथे दलदलीतलं झाड जगवण्याचा हट्ट मला अशोभनीय वाटला, आजही वाटतो. लिक्युअला चिपळूणला मेव्हण्याकडे पाठवून दिली. तिथे ती फार मजेत आहे. बाटली पाम आणि रुपेरी पानांचा बिस्मार्किया आंघोळीच्या सांडपाण्यावर तगले. बिस्मार्किया मादागास्करच्या माळावरचा. त्याला जर्मन चॅन्सेलरचं नाव का द्यावंसं वाटलं, ते देणारेच जाणोत.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गावाकडच्या शिंदोळ्यांच्या बिया आणून पेरल्या. शिंदीची बी रुजताना आधी एक देठ जमिनीत खोल घालते आणि कोंब बीपासून दूर, वेगळ्याच जागी वर येतो. बरेच दिवस वर काहीच दिसत नाही. तेवढ्यात उकरून बघणारे बी फुकट घालवतात. रोपं आता कंबरेएवढी झालीत, काटे चांगलेच टोचतात. मोठ्या शहरांतल्या नर्सऱ्या हीच शिंदी 'सिल्व्हेस्ट्रिस' म्हणून विकतात, आणि शेताच्या बांधावरची जुनी झाडं क्रेननं उपटून टाउनशिपच्या दारात उभी केली जातात. आजोबांनी फुकट पाडलेल्या झाडांचा आजचा भाव ऐकून ते हसले असते की चिडले असते, सांगता येत नाही.

दुर्मीळ पाम लावण्याचा सल्ला लातूर-नांदेडात मी सहसा देत नाही. आहेत ते नीट ठेवा, एवढंच म्हणतो. दिवाळीच्या रंगकामाआधी माळी येतो आणि 'साफसफाई' म्हणून हिरव्या झावळ्याही उतरवतो. त्याला थांबवा. खालची पिवळी पडलेली पानंसुद्धा घाईनं काढू नका. झाड त्यांतला पालाश काढून वरच्या पानांना पुरवत असतं. पान पूर्ण वाळलं की कापा. बाटली पामचं तर तेवढंही करावं लागत नाही, त्याचं पान आपोआप गळून पडतं.