जुनी जीप, जुना हिशेब

घोडेगावच्या पेठेतील एका जुन्या किराणा व धान्याच्या दुकानासमोर गेली चौतीस वर्षे एक जीप उभी असते. १९८९ साली घेतलेली, रंग दोनदा बदललेला, हूड चार वेळा शिवलेले. दुकानाचे मालक अण्णा आज सहासष्ट वर्षांचे आहेत. पावसाळ्यात डिंभे धरणाच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांवर मीठ, तेल, साखर पोहोचवायची आणि परतताना नाचणी, भात, हंगामात हिरडा घेऊन यायचे, हा त्यांच्या घराचा तीन पिढ्यांचा व्यवसाय. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की साध्या गाडीची चाके चिखलात जागच्या जागी फिरत राहतात. तेथे चारही चाकांना ताकद देणारी ही जीपच चालते.

२०२३ च्या श्रावणात या जीपने प्रथमच अण्णांना दगा दिला. आहुप्याच्या वाटेवर एका चढावर ती थांबली ती थांबलीच. मागे निळसर धुराचा लोट, इंजिनातून खडखडाट आणि तेलाच्या दाबाचा काटा जवळजवळ शून्यावर. दोरखंडाने ओढत आणून ती मंचरच्या एका जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजात उभी करण्यात आली.

मिस्त्रींनी लगेच पाने हाती घेतले नाहीत. आधी ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "शेठ, धुराची भाषा असते. काळा धूर असेल तर हवेचा फिल्टर नाहीतर डिझेलचे इंजेक्टर पाहायचे. ते स्वस्तात होते. पांढरा धूर गार इंजिनात न जळलेल्या डिझेलचा असतो, नाहीतर पाणी आत शिरल्याचा. निळा धूर म्हणजे इंजिन स्वतःचेच तेल खाते आहे." मग त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल ओतण्याचे झाकण उघडले. तेथून वाफेचे झोत ठोक्याठोक्याने बाहेर येऊ लागले. रिंगा आणि लाइनर झिजले की ज्वलनाचा वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरतो, त्याची ही खूण. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले तेव्हा तिघांचे आकडे कमी पण एकमेकांजवळचे निघाले. चौथ्याचा मात्र फारच खाली. शेवटी मिस्त्रींनी हातोडी घेऊन चॅसिस ठिकठिकाणी वाजवून पाहिली. आवाज खणखणीत आला. "हाड चांगले आहे. हे कुजले असते तर इंजिनाची गोष्टच काढली नसती," ते म्हणाले.

जीप या वाहनाचे आणि मुंबईचे नाते स्वातंत्र्याइतकेच जुने आहे. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेली एक पेढी पुढे महिंद्र अँड महिंद्र म्हणून नावारूपाला आली आणि १९४७ पासून तिने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीप पेट्रोलवर चालत. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार होऊन डिझेल इंजिने आली आणि ती इगतपुरीला तयार होऊ लागली. अण्णांच्या जीपमध्ये तेच इंजिन आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास नव्वद मिलिमीटर, क्षमता २११२ घनसेंटिमीटर. आजच्या मानाने ताकद बेताची. पण साध्या हत्यारांनी उघडता येते आणि लाइनर काढून नवे बसवता येतात. म्हणूनच खेड्यापाड्यांतील मिस्त्रींच्या हातून ते इतकी वर्षे जगले.

मिस्त्रींनी अण्णांपुढे तीन मार्ग ठेवले. पहिला, आहे तेच इंजिन पूर्ण उघडून नवे लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे घालायची, क्रँक घासून घ्यायचा, हेडचे काम करायचे. खर्च सुमारे ८५ हजार. दुसरा, जुन्या बाजारातून त्याच जातीचे इंजिन आणून बसवायचे. मजुरीसह ६० हजार, पण त्याच्या पोटात काय आहे ते कोणी सांगू शकत नाही. तिसरा, त्याच कंपनीचे ट्रॅक्टरच्या वंशातले थेट इंधन फवारणीचे इंजिन घालायचे. डिझेल कमी लागते, पण हादरे अधिक, इंजिनाचा वेग कमी असल्याने गिअरचे प्रमाणही जुळवावे लागते. खर्च सव्वा लाखाच्या पुढे.

अण्णांच्या मुलाने चौथा मार्ग सुचवला. "अण्णा, गेल्या पाच वर्षांत या जीपवर आपण एक लाख दहा हजार घातलेत. आता तरी थांबा. नवी फोर व्हील गाडी घेऊ. चौदा-पंधरा लाख लागतील, बँक कर्ज देते."

अण्णा उत्तरले, "एक लाख दहा हजार घातले म्हणूनच आता सोडून चालणार नाही."

वास्तविक दोघांचेही तर्क चुकीचे होते, आणि एकाच कारणाने. खर्च होऊन गेलेला रुपया निर्णयाच्या तराजूत कोणत्याच पारड्यात ठेवायचा नसतो. तो परतही येत नाही आणि पुढचा रस्ताही दाखवत नाही. वहीतील घसरलेली किंमतही येथे उपयोगाची नाही. दरसाल घसारा लागत जाऊन जीपची पुस्तकी किंमत काही शेकड्यांवर आली होती. पण घाटात माल चढवताना वही चढत नाही, जीप चढते. प्रश्न एवढाच असतो की आज घातलेला रुपया उद्यापासून किती कमावून देईल, किंवा किती वाचवील.

हे अण्णांना कळत नव्हते असे नाही. त्या रात्री त्यांनी स्वतःच कागद ओढला. वर्षाला जीप सरासरी सत्तर दिवस डोंगरात जाते. तेवढ्याच कामासाठी भाड्याची गाडी चालक व डिझेलसह दिवसाला अडीच हजार घेते. जीपचा दिवसाचा खर्च, डिझेल, तेल आणि चालकाचा पगार धरून, दीड हजार. म्हणजे दिवसाला हजार रुपये वाचतात, वर्षाला ७० हजार. ८५ हजारांचे काम सुमारे पंधरा महिन्यांत फिटते. उलट १५ लाखांच्या कर्जावर साडेनऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच १ लाख ४० हजारांच्या घरात जाते. सत्तर दिवसांच्या कामाला ते ओझे पेलणारे नव्हते. मुलानेही आकडे पाहून मान हलवली.

आता उरला प्रश्न इंजिन तेच ठेवायचे की बदलायचे याचा. येथे मिस्त्रींनी सहज एक गोष्ट सांगितली होती. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो. ब्लॉक तोच राहिला तर कागदाला हात लावावा लागत नाही. दुसरे इंजिन घातले तर त्याचे खरेदीबिल, परिवहन कार्यालयाची मान्यता आणि नोंदणीकृत मालकाची सही लागते.

ही सही अण्णांना नको होती, कारण जीप त्यांच्या नावावर नव्हती. वडिलांनी ती थोरल्या मुलाच्या, म्हणजे भाऊंच्या नावे घेतली होती. २०२० च्या दिवाळीत दोघा भावांची पेढी वेगळी झाली. पुण्याच्या मार्केट यार्डातील गाळ्याचे मोल किती धरायचे यावरून शब्दाला शब्द लागला होता. वाटणीपत्रात "डोंगरभागातील व्यापार व जीप धाकट्याकडे" एवढी ओळ पडली. नोंदणी मात्र कोणी बदलून घेतली नाही. तेव्हापासून दोघे भाऊ लग्नकार्यात भेटत, तब्येतीची चौकशी करत आणि पंगत उठली की आपापल्या वाटेने जात.

मालकीची नोंद बदलली नसेल तर अपघाताची जबाबदारी कायद्याच्या दृष्टीने नोंदणीकृत मालकावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालातही हेच स्पष्ट केले आहे. घरगुती वाटणीची ओळ तिसऱ्या माणसाला बांधत नाही. व्यापारी घरांत दुकाने, गोदामे, वखारी वाटताना एकेका चौरस फुटाचा हिशेब होतो आणि वाहने मात्र "ती तुझ्याकडे" या तोंडी शब्दावर सुटतात. अण्णांच्या घरीही तसेच झाले होते.

आपल्याच इंजिनाचे काम करायचे, असे त्यांनी ठरवले. हिशेबाने ते बरोबर होते आणि पुण्याला जाणेही टळत होते. यांतले कोणते कारण आधी मनात आले, हे त्यांनी स्वतःला विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी ताळा घेताना त्यांना एक गोष्ट खटकली. जीपच्या वार्षिक खर्चात विम्याचा हप्ता धरलेलाच नव्हता. त्यांनी खतावणी उघडली. २०२० पर्यंत दरवर्षी पेढीच्या खात्यातून हप्ता गेलेला दिसत होता. त्यानंतर २०२१, २०२२, २०२३ ही तिन्ही वर्षे कोरी. मुलाला विचारले, त्याला वाटत होते अण्णा भरतात. अण्णांना वाटत होते मुलगा भरतो. तीन पावसाळे जीप विम्याशिवाय दरीच्या काठाने माणसे आणि माल घेऊन फिरली की काय, या विचाराने अण्णांच्या हातापायांतले बळ गेले.

चालकाला बोलावले. तो म्हणाला, "नाही शेठ, विमा आहे ना. दरवर्षी पुण्याहून गुळाच्या गाडीबरोबर पाकीट येतं. मी पुढच्या कप्प्यात ठेवतो. तुम्हीच मागवता असं मला वाटलं."

मंचरला जाऊन कप्पा उघडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिन्ही वर्षांचे कागद होते, एकही दिवस न चुकवता भरलेले. त्यांच्याखाली एक जुना, पाण्याचे डाग पडलेला कागद होता: ब्लँकेटे, बिस्किटे, पाण्याचे कॅन यांची यादी, अर्धी भाऊंच्या अक्षरात, अर्धी अण्णांच्या. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या आठवड्यात भाऊ पुण्याहून येऊन राहिले होते आणि दोघे भाऊ याच जीपमधून भर पावसात सामान पोहोचवत होते. भाऊ गाडी हाकत आणि अण्णा उतरून पुढची वाट पाहत.

अण्णा त्याच दिवशी पुण्याला गेले. बरोबर मिस्त्रींचे अंदाजपत्रक आणि स्वतःचा हिशेबाचा कागद होता.

भाऊंनी दार उघडले, पाणी आणायला सांगितले आणि कागद हातात घेतला. चष्मा लावून ते बराच वेळ वाचत होते. मग विचारले, "क्रँक किती मापाला गेलाय? २००३ साली आपण वीसवर घासला होता."

"तीसवर जाईल, भाऊ. मिस्त्री म्हणतात हे शेवटचे माप."

"म्हणजे अजून एक आयुष्य आहे. मग दुसरे इंजिन कशाला? आपले आपल्याला माहीत तरी आहे." नंतर कागदावर बोट ठेवून म्हणाले, "विमा धरलेला नाहीस. तो धर. वर्षाला साठ हजारच वाचतील. सतरा महिने लागतील, पंधरा नाही."

अण्णांनी चेकबुक काढले. तिन्ही हप्त्यांचे मिळून अठ्ठावीस हजारांच्या आसपास होत होते. "भाऊ, हे तुम्ही मला कळवायचे होते."

"सूचना माझ्या पत्त्यावर येत होत्या. गाडी माझ्या नावावर आहे आणि तिच्यात तू बसतोस. भरले." भाऊंनी चेक घेतला, नाकारला नाही. वही उघडून जमा केला आणि पावती लिहून दिली. हिशेब हा हिशेब, हे दोघांनाही वडिलांनीच शिकवले होते. मग ते म्हणाले, "पुढच्या वर्षी नोंदणीचे नूतनीकरण आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते असतेच, पर्यावरण करही भरावा लागतो. त्याआधी गाडी तुझ्या नावावर करून घे. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म आण, सही करतो. माझे वय चौऱ्याहत्तर आहे. उद्या मी नसलो तर तुला सगळ्या वारसांची संमती गोळा करत फिरावे लागेल."

गाळ्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढेही निघाला की नाही, हे घरातल्या इतर कोणाला माहीत नाही. जेवण मात्र अण्णा तेथेच करून निघाले.

इंजिन उतरवून काम व्हायला तीन आठवडे लागले. नवे लाइनर बसले, क्रँक तीसवर घासला गेला, ब्लॉकवरचा जुना क्रमांक घासून पुसून स्वच्छ दिसू लागला. मिस्त्रींनी बजावले की पहिले हजार किलोमीटर ओझे कमी, वेग कमी, आणि तेल लवकर बदलायचे. दिवाळीपूर्वी जीप अण्णांच्या नावावर झाली. नव्या नोंदीत मालकाचे नाव बदलले, इंजिनाचा क्रमांक तोच राहिला.

थंडीतल्या एका पहाटे चालकाने हीटर तापवून चावी फिरवली तेव्हा इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. धूर दिसला नाही. अण्णांनी रोजमेळात त्या दिवशीच्या डिझेलची नोंद केली आणि खाली विम्याच्या पुढच्या हप्त्याची तारीख लिहून ठेवली. मग पुण्याला फोन लावून भाऊंना सांगितले की गाडी डोंगरात निघाली आहे.