आधी तंबोरा, मग पेटी
(रोजनिशीतील पाने)

शनिवार, २ ऑगस्ट २०२५

सकाळची शाळा सुटली की घरी न जाता थेट निपाणी स्टँड. बेळगावच्या गाडीत बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं शून्य रुपयांचं तिकीट आणि मांडीवर अलंकारची वही. तवंदी घाट चढेपर्यंत श्रुतींची नावं पाठ म्हणून झाली.

विशारद होऊन सोळा वर्षं झाली. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात आणि धारवाडला संगीतात एम. ए. करता येतं, पण रोज तासाला बसायचं तर नोकरी सोडावी लागेल. म्हणून गांधर्व महाविद्यालय मंडळाची अलंकार परीक्षा धरली. आठवडाभर शाळेत गाणं शिकवायचं, शनिवार-रविवार बेळगावच्या टिळकवाडीत बाईंकडे शिकायचं.

बाईंचं घरचं बोलणं कन्नड, शिकवणं मराठीत. तंबोरा लावता लावता त्यांनी विचारलं, "अलंकार झालीस की तुझ्या वर्गात काय बदलेल, सांग बघू." मला उत्तर देता आलं नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सहावीचा शेवटचा तास. पंधरा ऑगस्टच्या समूहगीताची तालीम. पेटीवर काळी एक धरली. मुखडा बरा झाला. अंतरा तार गांधारावर गेला आणि मुलांच्या मानेच्या शिरा ताणल्या. गाणं थांबून ओरडणं सुरू झालं.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी नुसते ओठ हलवत होती. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी मीच तिला तसं सांगितलं होतं, कारण तिचा सूर मिळत नव्हता. तिने ते अजून पाळलं आहे. रात्रभर ते चित्र डोळ्यांपुढून हलेना.

रविवार, १० ऑगस्ट. बेळगाव

बेळगाव म्हणजे पेटीचं गाव. रामभाऊ विजापुरे यांनी इथे पेटीवादकांच्या पिढ्या घडवल्या. त्याच गावात बसून आज पेटीवरच्या आक्षेपांचा धडा वाचला. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटी बाहेर ठेवली होती. त्याच्या कितीतरी आधी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचं गणित मांडलं. १९१० साली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. या शोधात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची त्यांना मदत झाली. पुढे देवलांनी बावीस श्रुतींची पेटीही करवून घेतली.

आपल्या नेहमीच्या पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं. तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातल्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा. हे मी परीक्षेपुरतं लिहून घेत होते. बाईंनी वही मिटायला लावली. "खर्जाच्या तारेत गांधार ऐक." तार छेडली, डोळे मिटले. थोड्या वेळाने तो आला, कुणी न वाजवता. स्वयंभू गांधार हा शब्द मी विशारदच्या पेपरात लिहिला होता. तो नीट कानांनी ऐकला आज.

सोमवार, ११ ऑगस्ट

मिरजेचा तंबोरा रिक्षात घालून शाळेत नेला. पेटीचं झाकण उघडलंच नाही. पाच मिनिटं मुलं नुसती ऐकत बसली. मग सा गळ्याने दिला, खालच्या काळी पाचचा.

मधल्या सुट्टीत त्या मुलीला जवळ घेतलं. म्हटलं, तुला हवा तो सूर लाव. तिने अगदी खालचा लावला. मी तिच्या सुरात माझा सूर मिळवला आणि तिला तो मिळाल्याचं ऐकू दिलं. मग दोघी अर्धा अर्धा स्वर वर सरकलो. चौथ्या खेपेला ती वर्गाच्या सा वर उभी होती. पेटीच्या आवाजात तिला जे सापडत नव्हतं ते माणसाच्या गळ्यात सापडलं. वर्षभर मी तिचं गाणं बंद ठेवलं होतं, हे मला तिच्यासमोर कबूल करावं लागलं.

बुधवार, १३ ऑगस्ट

सा खाली आणल्यावर समूहगीताचा अंतरा सहज आला. पण प्रार्थनेत मंद्र पंचम आहे; तिथे हाच सा धरला तर मुलांचा आवाज बुडतो. म्हणून प्रार्थनेचा सा वर. गाण्याचा आवाका पाहून सा ठरवायचा, हे वहीत ठळक लिहिलं.

हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांनी शाळांसाठी जी पद्धत रुजवली, तिच्यातही मुलांचा गळा आधी आणि वाद्य नंतर. त्यांचा 'दो' आपल्या सा सारखाच सरकता.

सोमवार, १८ ऑगस्ट

विष्णू दिगंबर पलुसकर यांची जयंती. १८७२ साली कुरुंदवाडला जन्म, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण, १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय. एका गुरूपुढचं गाणं त्यांनी वर्गात आणलं. धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेच्या नीळकंठबुवा आलूरमठांकडे शिकले. आमच्या या पट्ट्यात विद्येने राज्याची हद्द कधी विचारली नाही. मुलांना हे सांगितलं तेव्हा कन्नड बोलणारी आणि मराठी बोलणारी, दोन्ही मुलं सारखीच ताठ बसली.

शनिवार, ३० ऑगस्ट

बाईंना आज उत्तर दिलं. पुढे शिकले म्हणून मला माझ्या वर्गाचा आवाज ऐकू आला. राग तर वाढतीलच, पण शाळेतल्या शिक्षकाला उच्च शिक्षण हवं ते या कानासाठी.

शाळाचालकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या संगीत शिक्षकाने अलंकार किंवा एम. ए. करायचं म्हटलं, तर परीक्षेचे आणि तयारीचे पंधरा दिवस त्याला कामावर हजर धरून मोकळे द्या. ते पंधरा दिवस तुमच्याच मुलांकडे परत येतात.

सहावीचा तास आता तंबोऱ्याने सुरू होतो. पेटी नंतर उघडते. तिसऱ्या रांगेतून आवाज येतो.