सम कोठें गेली?

अप्पांनीं बाळाशीं बोलणें टाकलें, तें 1979 च्या दिवाळीपासून. अप्पा माझे थोरले चुलते; तबल्यावर त्यांचा हात मोठा गोड. बाळ त्यांचा एकुलता मुलगा. तबल्यावर खोळ चढवून तो मुंबईस शिकावयास गेला. आणि तेथें विलायती ड्रम बडवूं लागला आहे, ही वार्ता सदाशिव पेठेंत येऊन पोंचली! आमच्या घरीं पंगतीला पंधरा माणसें असत. परंतु या बापलेकांचा एकमेकांस निरोप जाई तो काकूंच्या तोंडूनच.

1980 च्या मार्चमध्यें ‘द पोलिस’ हा इंग्लंडांतील तिघांचा वाद्यवृंद मुंबईस गाऊन गेला. तें गाणें ऐकलेला बाळ सुटींत घरीं आला, तो त्यांची दुसरी तबकडी उसनी घेऊन. ‘रेगाटा द ब्लांक’ हें तिचें नांव. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्यें ‘गोऱ्यांचा रेगे’. रेगे हें जमैका बेटांतील संगीत.

या तबकडीची जन्मकथा मला मोठी गमतीची वाटते. जवळचीं गाणीं पहिल्या तबकडींत बरीच खर्चीं पडलेलीं, पुढचे दिवस दौऱ्यांत गेलेले. नायजेल ग्रे नांवाच्या डॉक्टरानें लेदरहेड येथें थाटलेल्या साध्या स्टुडिओंतच 1979 सालीं हीही मुद्रित झाली. जिच्यावरून तबकडीचें नांव पडलें, त्या रचनेस धड शब्दही नाहींत; रंगमंचावर दुसरें एक गाणें लांबवितां लांबवितां ती सांपडली. आणि तिलाच 1981 सालीं अमेरिकेचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें! डब्यांत डाळ नसतांना सुगरणीनें पंगत निभावून न्यावी, तशांतला हा प्रकार. सारींच गाणीं एका तोलाचीं आहेत, असें मात्र मी म्हणणार नाहीं.

रात्रीं बाळानें माजघरांत तबकडी लावली. अप्पा ओसरीवर सुपारी कातरीत होते. ‘वॉकिंग ऑन द मून’ सुरू झालें आणि थोड्या वेळानें अडकित्ता थांबला. अप्पांचीं बोटें मांडीवर मात्रा मोजूं लागलीं. पण एकावर येतांच तीं अधांतरींच राहत. रेगेमध्यें ड्रम वाजविणारा पुष्कळदां पहिली मात्रा मोकळी सोडतो व तिसरीवर आघात करतो. स्टुअर्ट कोपलंडनें ती रीत उचलली होती. आपल्याकडे सर्वांनीं जेथें येऊन भेटावयाचें, तेथें हा गृहस्थ घरींच नाहीं!

अप्पा दारांत येऊन उभे राहिले.

“सम कोठें गेली याची?”

बाळ संवयीनें म्हणाला, “आई, त्यांना सांग कीं—”

“मला सांग.”

“सोडली आहे, अप्पा. मुद्दाम.”

“मुद्दाम?” अप्पा खालीं बसले. “पुन्हां लाव पाहूं.”

काकूंनीं ओसरीवरचें सुपारीचें तबक उचलून आंत आणून ठेवलें.