एकच रेघ

१८ एप्रिल २०२१, रविवार
ग्रामीण रुग्णालयाच्या मांडवात सकाळपासून रांग. नाकातून घेतलेला स्वॅब द्रावणात घोळायचा, नळी चिमटीत दाबून काडी काढायची, रॅपिड अँटिजेन चाचणीच्या पट्टीवर तीन थेंब सोडायचे. कोरोना विषाणूचं न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन पुरेसं असेल, तर सोन्याचे सूक्ष्म कण बांधलेली प्रतिपिंडं त्याला धरून पुढे सरकतात, 'टी'पाशी अडकतात आणि तिथे रेघ उमटते. 'सी'ची रेघ फक्त पट्टी नीट चालल्याचं सांगते. आमच्या किटवर वाचायची वेळ १५ ते ३० मिनिटं. लोक पाचव्या मिनिटालाच विचारतात, "झालं का ताई?" या वेळेत उशिरा उमटलेली फिकट रेघही रेघच असते, म्हणून घाई करू देत नाही.

२० एप्रिल
दोन दिवसांचा ताप, अंग ठणकतंय, पट्टी मात्र निगेटिव्ह. काका लगेच उठले. "मग उद्या पुतण्याच्या हळदीला जायला हरकत नाही ना?" हरकत आहे, काका! आयसीएमआर आणि एम्सने हे किट तपासलं, तेव्हा त्याची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के भरली. म्हणजे शंभर बाधितांमागे सोळा ते एकोणपन्नास जण या पट्टीतून निसटू शकतात. प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआर चाचणीचं तसं नाही. विरजणाच्या थेंबापासून पातेलंभर दही व्हावं, तसा ती विषाणूचा इवलासा अंश वाढवत नेते. पट्टी काहीच वाढवत नाही. नमुन्यात आहे तेवढंच दाखवते. काकांचा आरटी-पीसीआरसाठी दुसरा स्वॅब घेतला. रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत राहा, असं त्यांना आणि काकूंनाही बजावलं.

२४ एप्रिल
काकांचा रिपोर्ट आज आला, पॉझिटिव्ह. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुन्यांचे ढीग पडले आहेत. काका घरी थांबले म्हणून बरं. नाही तर एवढ्या अचूक चाचणीचं उत्तर हळद होऊन गेल्यावर हाती पडलं असतं. पट्टीला नावं ठेवणाऱ्यांनी हेही पाहावं. वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या मार्चमधल्या आढाव्यात लक्षणं असलेल्यांमध्ये अशा चाचण्यांनी सरासरी ७२ टक्के बाधित पकडले, लक्षणं नसलेल्यांमध्ये ५८. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात मात्र ७८. विषाणू नाकात भरपूर असतो, तेव्हाच पट्टी खरी कामाची.

६ मे
आयसीएमआरचं ४ तारखेचं पत्र वाचलं. रॅपिड पॉझिटिव्ह आली की आरटी-पीसीआर पुन्हा करायची नाही. अगदी योग्य. या किटची विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के भरली आहे, म्हणजे बाधा नसलेल्याला ते क्वचितच पॉझिटिव्ह ठरवतं. लाट ऐन भरात असताना उमटलेल्या रेघेवर शंका घेत बसण्यात अर्थ नाही. त्याच तासाला रुग्ण वेगळा होतो, ऑक्सिजन मोजला जातो, घरच्यांना तपासणीला बोलावता येतं. वेगाचं मोल इथे आहे.

२० मे
पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती किटला मान्यता मिळाली. किंमत २५० रुपये, उत्तर पंधरा मिनिटांत. खेड्यापाड्यात ते पोचावं असं मनापासून वाटतं. पण तिथे "थांबा, काका" म्हणायला कोणी नसेल. लक्षणं असून पट्टी निगेटिव्ह आली, तर लगेच आरटी-पीसीआर करायची आणि तोवर संशयित म्हणूनच घरी वेगळं राहायचं, असं सूचनेत स्पष्ट लिहिलं आहे. किट विकणाऱ्या प्रत्येक औषध दुकानदाराने एवढं वाक्य गिऱ्हाइकाला तोंडी सांगावं, ही माझी हात जोडून विनंती.