एकवीस दिवस

आम्ही वकील. भिंतीला ओळंबा कसा लावतात हे आम्हांस ठाऊक नसले, तरी ती भिंत कोणाच्या मालकीची यावर आम्ही तीन दिवस बोलू शकतो. हैदराबादेत मुसीच्या काठी उच्च न्यायालयाची जी वास्तू १९२० साली खुली झाली, तिच्या शिल्पकाराचे, व्हिन्सेंट एशचे, नाव आम्ही पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगत आलो आहोत. तिच्या बांधकामावर रोज उन्हात उभे राहून माल पारखणारा कोण होता, हा प्रश्न मात्र मनात कधी आला नव्हता. तो आणून देणारा गृहस्थ आम्हांस प्रथम भेटला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात.

एका घरमालकाने कंत्राटदारावर दावा लावला होता. आम्ही कंत्राटदाराचे वकील. साक्षीदार बांधकामावरचा तंत्रज्ञ, मूळचा नांदेडकडचा, पदविका घेतलेला, बोटांना सिमेंटने भेगा पडलेल्या. काँक्रीट सैल व्हावे म्हणून मजुरांनी वरून पाणी घातले, अशी नोंद त्याच्या वहीत होती. जादा पाण्याने काँक्रीट भराभर पसरते, पण ते पाणी उडून गेले की आत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि बळ घटते, हे त्याने न्यायाधीशांना शांतपणे समजावून दिले. आम्ही विचारले, "आपण इंजिनियर आहात काय?" "नाही." वहीच्या त्या पानावर तारीख नव्हती. आम्हांस तेवढे पुरले. दावा जिंकला, आणि त्या संध्याकाळी मित्रमंडळींत ती उलटतपासणी रंगवून सांगितली, हेही कबूल केले पाहिजे.

पुढे काही वर्षांनी आमच्या देवस्थानाच्या सभागृहाचे काम निघाले. समितीत आम्ही होतो, आणि देखरेखीस आला तो हाच! त्याने ओळख दाखविली नाही, आम्हीही नाही. स्लॅब पडला त्या दिवशी, भाताची मूद पाडावी तशा निगुतीने, तो १५० मिलिमीटरच्या लोखंडी साच्यांत काँक्रीट भरीत होता. तीन थर, प्रत्येक थर सळईने ३५ वेळा कुटलेला. दुसऱ्या दिवशी ते ठोकळे साच्यांतून निघून पाण्याच्या टाकीत गेले. स्लॅबवर भिजलेली गोणपाटे पसरली.

रामनवमी आली सतराव्या दिवशी. महाप्रसादाच्या पंगती नव्या सभागृहातच बसाव्यात अशी सर्वांची हौस. पण खाली टेकूंचे रान. तुळया सहा मीटरांहून लांब, म्हणून टेकू २१ दिवस हलवावयाचे नाहीत, असे तंत्रज्ञाचे म्हणणे. भारतीय मानकांची ४५६ क्रमांकाची संहिताही तेच सांगते. त्याचे मन वळविण्याचे काम अर्थातच वकिलाकडे आले.

"चार दिवसांनी काय बिघडते?" आम्ही म्हणालो.

"वकीलसाहेब, मी लिहून देणार नाही. आपण द्या लिहून." किंचित थांबून तो म्हणाला, "तारीख घालून."

लेखणी आमच्या खिशात होती. ती खिशातच राहिली.

पंगती उघड्यावर, मांडवाखाली बसल्या. चैत्राच्या उन्हाने वडीलधारी मंडळी घामाघूम झाली, व त्यांनी कोणाला बोल लावला हे सांगणे नको. अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळे यंत्राखाली फोडले. प्रत्येकाचे बळ हवे त्याहून अधिकच भरले. "पाहिलेत? सतराव्या दिवशी टेकू काढले असते तरी चालले असते!" एक सभासद म्हणाले. आम्ही उत्तर दिले नाही.

त्या निकालावर समितीच्या वतीने आमची सही हवी होती. त्याने वही पुढे केली. मागची पाने आम्ही चाळून पाहिली. एकूण एक पानावर तारीख होती, लाल शाईने.