संशयाचा फायदा

संशयाचा फायदा आरोपीला द्यावा, हें न्यायाचें तत्त्व आम्हां अध्यापकांच्या अंगीं फार लवकर मुरतें. उत्तरपत्रिकेंतील एखादें वाक्य धड बरोबर नाहीं, धड चूकही नाहीं, असें दिसलें कीं लेखणी आपोआप उदार होते. अर्धा गुण दिल्यानें विद्यापीठ कोसळत नाहीं आणि एका मुलाचें वर्ष वांचतें. तीस वर्षें मीं हा धर्म पाळला आहे. परंतु जेथें तोच अधर्म ठरतो असें एक ठिकाण गेल्या उन्हाळ्यांत मला पाहावयास मिळालें.

माझा धाकटा भाऊ टेक्सासमध्यें राहतो. त्याला चांदमारीचा नाद आहे, आणि त्या देशांतील कित्येक नादिष्टांप्रमाणें तो आपलीं काडतुसें घरींच पुन्हा भरतो. गोळी उडते, दारू जळते, ठिणगी देणारी बुडाची टोपी, म्हणजे प्रायमर, निकामी होते. पण पितळेची पुंगळी मागें उरते, आणि काटकसरी नेमबाजाचा जीव तिच्यांतच असतो. मैदानावरून वेंचलेल्या पुंगळ्यांची एक बादली त्यानें माझ्यापुढें ठेवली आणि म्हटलें, "दादा, तुला निवडायची संवय आहे. बस."

प्रथम चुंबक फिरवावयाचा. पितळेचें सोंग घेतलेली पोलादी पुंगळी त्याला चिकटते. मग बुडावरचा शिक्का वाचावयाचा. नऊ मिलिमीटर लुगरची पुंगळी १९ मिलिमीटरांहून किंचित् लांब, '.३८०' या नांवाची १७ हून किंचित् अधिक. ढिगांत या दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. नंतर आंत डोकवावयाचें. बुडाशीं मधोमध एकच छिद्र असेल तर ती बॉक्सर पद्धतीची. तिचा जुना प्रायमर सुईनें बाहेर ढकलतां येतो. दोन छिद्रें असतील तर ती बहुधा बर्डन पद्धतीची, आणि घरगुती हत्यारांना ती दाद देत नाहीं. गंमत अशी कीं, बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन हा अमेरिकन. पण अमेरिकेनें इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपांत अमेरिकनाची रुजली!

शेवटीं तडे. तोंडाशीं गेलेला तडा डोळ्यांना दिसतो. रायफलच्या पुंगळीचा रोग मात्र पोटांत असतो. वारंवार ताणली गेल्यानें बुडाच्या किंचित् वर ती पातळ होते. बाहेरून फार तर एक चकचकीत रेघ उमटते. टोंक वांकविलेली तार आंतल्या भिंतीवरून ओढली कीं ती त्या खांचेंत अडखळते. अशी पुंगळी पुन्हा भरली तर बूड तुटून तप्त वायु मागें, म्हणजे माझ्या भावाच्या चेहऱ्याकडे, येण्याचा संभव.

पितळेच्या या कपटाचा अनुभव आपल्या देशांत फार पूर्वीं आला होता. एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश फौजेचीं काडतुसें पावसाळ्यांत तबेल्यांजवळ ठेवलेलीं असत, आणि कोणी हात न लावतां त्यांना तडे जात. इंग्रजांनीं या रोगाला ऋतूचेंच नांव दिलें. त्याचा उलगडा १९२१ मध्यें मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनीं केला: घोड्यांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया, आणि घडवितांना पितळेंत कोंडून राहिलेला ताण. बिचारा पावसाळा उगाच बदनाम झाला होता!

तिसऱ्या दिवशीं एका पुंगळीवर तार अडखळली कीं नाहीं, हें ठरेना. भाऊ म्हणाला, "अरे, चांगली आहे ती. वर्गांत मुलांना तर केवढा उदार असतोस!" मीं पकडीनें तिचें तोंड चेपलें आणि ती मोडींत टाकली.

उदार होणें सोपें असतें तें आपल्या उदारपणाची किंमत कोणालाच मोजावी लागत नाहीं तेव्हां. माझ्या विषयांत संशयाचा फायदा दिला तर फार तर एखादें वाक्य लंगडें राहील. पण शेजारच्या इमारतींत भावी डॉक्टरांच्या आणि पूल बांधणाऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या जातात. तेथें अर्ध्या गुणाच्या पलीकडे कोणी तरी एक अनोळखी माणूस उभा असतो. त्याला या व्यवहारांत कोणीं विचारलेलें नसतें. आरोपीला संशयाचा फायदा देणें हें दयेचें काम खरेंच. मात्र तो फायदा आपण कोणाच्या खिशांतून काढून देत आहों, हें देणारानें एकदां पाहून घ्यावें. पुंगळी फेंकून देतांना मला वाईट वाटलें नाहीं, कारण तो खिसा माझ्या भावाचा होता.