दोन ते तीनचा पहारा

आमच्या लहानपणी वैजापुरात वेळ सांगणारे पुष्कळ होते. पहाटे अजान व्हायची, मग देवळातली आरती, सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या, आणि वारा तिकडचा असला तर रोटेगाव स्टेशनावरच्या गाडीची शिट्टी. निजामाच्या राजवटीतला तो मीटरगेज मार्ग नव्वदच्या दशकात रुंद झाला. तोवर गाडीवर घड्याळ लावणारा माणूस हमखास फसे. भिंतीवर चावीचं घड्याळ आमच्याकडेही होतं, पण ते फक्त वेळ दाखवी. वेळ कुणाची, हे सांगायला घरात दोन माणसं होती आणि त्या दोघांचं एकमेकांशी पुरतं कधीच जमलं नाही. मास्तर आणि मोठी आई. आमचे आजोबा-आजी.

घर ख्रिस्ती. पारशी कुटुंबात जन्मून ख्रिस्ती झालेले रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी एकोणिसाव्या शतकात औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम उभं केलं, त्याच कामाच्या खेड्यापाड्यांतल्या एका शाळेत आमचे पणजोबा अक्षर शिकले. त्यांचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि मंडळीच्या पाटीवरचं नाव बदललं. मास्तरांचा शनिवारचा नेम मात्र बदलला नाही. घड्याळाला चावी, उद्याच्या उपासनेची गाणी काढणं, आणि आम्हा चुलत-आते भावंडांना रांगेत बसवून वचनाचं पाठांतर. ज्याचं पाठ नसेल त्याला मार नव्हता, फक्त गोळी नव्हती. लिमलेटची.

पगाराच्या दिवशी मास्तर आधी दशांश काढत. लिफाफा वेगळा, त्यावर तारीख, मग बाकीचा संसार. एकदा आमच्यातल्या एकीने विचारलं, "पैशाचा दहावा हिस्सा देवाचा, मग वेळेचा का नाही?" मास्तर खूश झाले. पाटी-पेन्सिल आली, चोवीस भागिले दहा. उत्तर निघालं दोन तास चोवीस मिनिटं. रोज! आम्ही घाबरलो. प्रश्न विचारणारीकडे सगळ्यांनी असं पाहिलं की ती स्वयंपाकघरात पळाली. तिथे मोठी आई बाजरीचं पीठ मळत होती. तिने बाहेर न बघताच निकाल दिला. "देव काय टपाल हापिसातला कारकून हाये का, मिंटं मोजाया? एक हिस्सा त्येचा आन् नऊ तुमचे, आसं कुनी सांगितलं? धाच्या धा त्येचेच हायेत. आपल्याला वापराया दिलेत."

पुढे त्या घरात जे जे घडलं ते या एका वाक्याखाली बसवता येतं. मास्तर हिशोबाचे, मोठी आई हवाल्याची. त्यांना वाटे, देवाला वेळेचा जाब द्यायचा आहे. तिला वाटे, वेळ देवाचीच आहे, मग माणूस दारात आला की आपण ती अडवणारे कोण?

संध्याकाळची कुटुंबप्रार्थना हे मास्तरांचं राज्य. दिवे लागले की सतरंजी, पेटी, एक भजन, एक अध्याय. भजन बहुतेक वेळा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. अभंग-ओवीच्या वळणाची त्यांची गीतं 'उपासना संगीता'तून घरोघर गेली होती आणि पेटीला सुटसुटीत पडत. मग प्रार्थना. मास्तरांच्या प्रार्थनेत वैजापूर तालुका, औरंगाबाद जिल्हा, देशाचे अधिकारी, आजारी, प्रवासातले, परीक्षेतले आणि शेजारच्यांची अडलेली म्हैससुद्धा यायची. चुलीवरची आमटी आटू लागे. धाकट्यांच्या माना लवत. अशा वेळी मोठी आई डोळे मिटूनच हळू आवाजात प्रभूची प्रार्थना सुरू करी. ती सुरू झाली की सगळ्यांना म्हणावी लागे, आणि तिच्यापुढे दुसरी प्रार्थना नाही, त्यामुळे मास्तरांना आटोपतं घ्यावं लागे. आमेन म्हणताना ते तिच्याकडे एकदा बघत. ती भाकरी थापायला गेलेली असे.

तिचे हात रिकामे कधी नसत. गहू निवडणं, लसूण सोलणं, गोधडीचे टाके. पोरींनी उंबऱ्यात बसून नुसतं रस्ता बघणं तिला खपत नसे. "काय करू राहिल्या गं?" असा आवाज आतून येई आणि पाठोपाठ सूप. पण बाळंतिणीपाशी, आजाऱ्यापाशी, मयत झालेल्या घरी ती तास न् तास बसे, आणि तिथे टाके घालायची गोधडीही नेत नसे. आत्याने एकदा विचारलं, हातात काही घेतलंस तर काय बिघडेल? ती म्हणाली, तिथं हातात काम दिसलं की त्या माणसाला वाटतं, हिला घरी जायची घाई आहे.

रविवारी मास्तरांच्या घरात खुरप्याला हात लागत नसे. बटाटेसुद्धा शनिवारी सोलून पाण्यात टाकलेले असत. आणि अशाच एका रविवारी खळ्याची गोष्ट घडली. परतीच्या पावसाचे दिवस. शेजारच्या तात्यांची बाजरी मळून खळ्यावर पडलेली, तात्या औरंगाबादला दवाखान्यात, घरी सून आणि दोन लहान पोरं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. त्या रविवारी उपासना मास्तरच चालवत होते. बोधवचन ऐन रंगात आलेलं. दारात तात्यांचा पोरगा येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, आभाळ येऊ राहिलंय."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मधेच आशीर्वाद दिला आणि म्हणाले, राहिलेली उपासना खळ्यावर. सगळी मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत तिकडे धावली. पाट्या, घमेली, पोती, कुणाची तरी ताडपत्री. बाजरीची कूस नायलॉनच्या फ्रॉकात आणि शर्टांच्या कॉलरात शिरून अंगाची नुसती आग होत होती. पोत्याचं तोंड धरायला मोठी आई, भरायला पुरुष, सांडलेलं वेचायला आम्ही. शेवटचं पोतं पडवीत गेलं तेव्हा अंगणात थेंब टपटपत होते. नंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी नापसंती दाखवली. विसाव्याचा दिवस मोडला, तोही दुसऱ्याच्या धान्यासाठी. मास्तर उत्तर शोधत असताना मोठी आईच बोलली. शब्बाथाला खड्ड्यात पडलेलं मेंढरू बाहेर काढायचं का, असं प्रभूने विचारलं होतं. त्या मेंढराचा मालक कुठल्या मंडळीचा, हे विचारलं नव्हतं.

शेजारधर्माचं देणं-घेणं दोन्ही बाजूंनी होतं. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह आमच्या भागात कुणाला सांगावा लागत नाही. दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा, श्रावणात दरवर्षी नवं गाव, गावोगावच्या घरांतून येणाऱ्या भाकऱ्या आणि कढयांतली आमटी. तात्या त्या सात दिवसांत घरी दिसतच नसत. मास्तरांना त्याचं फार कौतुक. "त्यांचा विणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपतो तेव्हा दुसरा उभा असतो. आणि आपल्याला दीड तासाची उपासना लांबते!" हे त्यांनी आम्हाला ऐकवलंच, वर मंडळीतही ऐकवलं, आणि उपवासकाळात साखळी प्रार्थना सुरू केली. उत्तम शुक्रवारच्या आदल्या सायंकाळपासून रात्रभर, प्रत्येक घराला एक तास. तात्यांचाच शब्द घेऊन आमच्या घरात त्याला पहारा म्हणत. रात्री दहाचा तास घ्यायला सगळे तयार, पहाटे पाचचाही. दोन ते तीन कुणालाच नको असे. तो मास्तरांनी आपल्या घराकडे घेतला आणि मग घरातल्या घरात त्यावरून भांडणं झाली. थंड पाण्याने तोंड धुऊन कंदिलाशी बसलेली काकू आणि सतरंजीवरच आडवा झालेला काका, हे चित्र आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

घोगरगावला आमची एक आत्या दिली होती. सासर कॅथलिक. तिच्याकडे सुट्टीत गेलो की वेळेची तिसरी रीत बघायला मिळे. बाराची घंटा झाली की आत्याचे सासरे वावरात जिथे असतील तिथे खुरपं खाली ठेवत, टोपी काढत, मरियेची प्रार्थना पुटपुटत आणि पुन्हा वाकत. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. मास्तरांच्या लांबलचक प्रार्थनेत वाढलेल्या आम्हाला ती पद्धत फारच पसंत पडली. घरी येऊन तसं सुचवूनही पाहिलं. मास्तर म्हणाले, दिवसातून तीनदा हातातलं काम सोडून दाखवा, मग बोलू.

गोष्टी सांगायचं काम मोठ्या आईचं. तिच्या गोष्टींत दोन बाया वरचेवर येत. एक पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि छापखान्याचं कामही तिथल्या बायकांनीच केलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, त्यांची स्वतःची तब्येत खालावली, मुद्रितं तपासायची राहिलेली. त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले आणि ते मिळाले, असं सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. भाषांतर छापून बाहेर आलं १९२४ साली. गोष्ट इथवर आली की मोठी आई थांबे आणि आम्हाला विचारी, तुम्हाला दहा दिवस मिळाले तर काय कराल? आमची उत्तरं बोरांपासून सर्कशीपर्यंत जात. ती हसे, उत्तर चुकलं असं कधी म्हणत नसे.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. नवऱ्याचं अर्ध्यावर राहिलेलं महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं आणि उरलेले बहुतेक अध्याय स्वतः लिहिले. १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडलेली होती. मोठी आई स्वतः जेमतेम चौथी शिकलेली. या गोष्टीतून तिला काय सांगायचं असे ते आम्हाला फार उशिरा उमगलं. एकाला दिलेली वेळ संपली तरी काम संपत नाही. ते उचलणाऱ्याच्या वाट्याला पुढची वेळ येते.

१९७२ चा दुष्काळ आमच्यातल्या थोरल्यांना आठवतो, धाकट्यांनी तो ऐकलेला. खडी फोडायच्या कामावर अर्धा तालुका, मजुरी मोजमापावर, पोरांना सुकडी. दोन्ही काका आणि मोठी आई कामावर जात. मास्तर शाळा सुटली की त्याच कामावरच्या पोरांना बाभळीखाली बसवून बाराखडी गिरवून घेत. कुणी म्हणालं, मास्तर, खायला नाही अन् तुम्ही अक्षरं काय देता? मास्तरांचं उत्तर घरात अजून सांगितलं जातं. यंदा देवाने पाणी कमी दिलं, धान्य कमी दिलं, दिवस मात्र चोवीस तासांचाच ठेवलाय. त्यात काटकसर केलेली नाही. मग आपण का करायची?

३१ डिसेंबरच्या रात्री वर्षअखेरच्या उपासनेला जाण्याआधी मास्तर सगळ्यांना एकच प्रश्न विचारत. या वर्षी कुणाला वेळ दिली? किती मार्क पडले, किती पगार वाढला, हे त्या रात्री कुणी काढायचं नाही. नावं सांगायची. एखाद्याला नाव आठवत नसे, मग दुसरं कुणीतरी त्याच्यासाठी आठवून देई. "अरे, तू त्या आंधळ्या बाबाला बस स्टँडवर नेत होतास की." आपण केलेलं आपल्यालाच आठवत नाही, हेच बरं लक्षण, असं मोठ्या आईचं मत. मास्तरांना ते पटत नसे. ते स्वतःची नावं वहीत लिहून ठेवत.

मास्तर आधी गेले. मोठ्या आईच्या शेवटच्या आजारात औरंगाबादच्या दवाखान्यात रात्रीचे तास वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हा कुणीही न सांगता पहारे लागले. दोन ते तीनवरून तिथेही भांडण झालं, पण उलटं. तो तास सगळ्यांनाच हवा होता. त्या वेळी तिला जाग यायची, आणि ती बोलायची.

आता आम्ही पुणे, पिंपरी, नाशिक, दुबई असे पांगलो आहोत. मास्तरांचा वक्तशीरपणा आमच्यातल्या एकाकडेही आलेला नाही. रविवारी पहिलं गीत संपताना आम्ही मागच्या बाकावर शिरतो. साखळी प्रार्थना मात्र मोबाइलवर चालू आहे आणि दोन ते तीन अजून आमच्याच घराकडे आहे. गेल्या काही वर्षांपासून तो तास दुबईतल्या भावाने मागून घेतलाय, कारण आपले दोन म्हणजे तिथले साडेबारा, झोप मोडत नाही. मास्तरांनी याला पळवाट म्हटलं असतं. मोठ्या आईने त्याला विचारलं असतं, वाचलेल्या झोपेचं काय करू राहिला रे? आम्हीही त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, शेजारच्या खोलीतला केरळचा पोरगा रात्रपाळीहून दीड वाजता येतो, एकटाच जेवतो. त्याच्यापाशी बसतो.